संपूर्ण काम प्रत्येकाला दिसले पाहिजे



२९ सप्टेंबर २०१७ हा दिवस परळकर सहजासहजी विसरणार नाहीत. शुक्रवार होता, नवरात्रातील नवमी होती, दुसऱ्या दिवशी दसरा होता. सकाळी साडेदहाच्या सुमारास अवचित पावसाची जोरदार सर आली. परळ आणि तेव्हाचे एल्फिन्स्टन रोड या दोन स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पादचारी पुलावर माणसे पाऊस थांबण्याची वाट पाहत उभी राहिली. खाली गाड्यांमागून गाड्या येत होत्या आणि प्रत्येक गाडी नवी गर्दी त्या पुलावर आणून सोडत होती. चेंगराचेंगरी झाली आणि कामावर निघालेल्या २३ जणांचे प्राण गेले.

गिरण्या बंद पडल्या, त्यांच्या जागी काचेच्या उंच इमारती आल्या, हजारो नोकरदार रोज या परिसरात येऊ लागले. पूल मात्र पूर्वीचाच राहिला. येथे अधिक रुंद पूल हवा, ही गोष्ट कोणालाच ठाऊक नव्हती असे नाही. प्रवासी सांगत होते, वृत्तपत्रांतून लिहिले जात होते आणि नव्या पुलाला मंजुरीही मिळालेली होती. दुर्घटना घडली तेव्हा तो पूल निविदेच्या टप्प्यावर होता, कागदावर होता. ज्यांना त्याची गरज होती, त्यांच्यासाठी तो वेळेत उभा राहिला नाही.

फाइलीचा प्रवास

कोणा एका व्यक्तीकडे वा खात्याकडे बोट दाखवणे हे या विवेचनाचे प्रयोजन नव्हे. सार्वजनिक कामाचा प्रवास कसा होतो, हे मात्र समजून घेतले पाहिजे. एक पूल बांधायचा तर प्रथम पाहणी होते, मग आराखडा, मग खर्चाचा अंदाज, मग मंजुरी, निधीची तरतूद, निविदा, छाननी, कार्यादेश आणि शेवटी रेल्वेच्या मार्गावर काम करण्यासाठी वाहतूक रोखण्याची परवानगी. प्रत्येक टप्प्यावर एक मेज आहे आणि त्या मेजामागे एक माणूस बसलेला आहे. तो माणूस बहुधा प्रामाणिक असतो. आलेला कागद तो तपासतो, शेरा मारतो आणि पुढे पाठवतो. त्याच्या परीने त्याचे काम चोख झालेले असते.

पण आपल्या मेजावर कागद आठ दिवस थांबला तर पुढे काय अडते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. त्याच्यापुढे एक क्रमांक लावलेला कागद असतो. परळच्या जिन्यावर उभी असलेली माणसे त्या कागदात दिसत नाहीत. टप्प्याटप्प्याने सारी कामे ठीक होतात आणि एकूण काम मात्र उशिरा होते, ही आपल्या कार्यसंस्कृतीची जुनी व्यथा आहे. तिचे मूळ आळसात आहे असे समजण्याची सवय आपल्याला लागली आहे. बारकाईने पाहिले तर ते बहुतेक वेळा अज्ञानात आढळते. माणसाला आपला तुकडा ठाऊक असतो, पूर्ण काम ठाऊक नसते.

तीन पूल आणि चार महिने

याच परळने पुढे दुसरा अनुभवही घेतला. ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी घोषणा झाली की एल्फिन्स्टन रोड, करी रोड आणि आंबिवली या तीन स्थानकांवरील पादचारी पूल भारतीय लष्कर बांधील. ज्यांचे केंद्र पुण्याजवळ खडकीला आहे, ते 'बॉम्बे सॅपर्स' कामाला लागले. २७ फेब्रुवारी २०१८ रोजी तिन्ही पूल लोकांसाठी खुले झाले. चार महिन्यांच्या आत, रोजच्या लोकल वाहतुकीच्या मधोमध, हे काम पूर्ण झाले.

आधी जाहीर झालेली मुदत ३१ जानेवारीची होती, हेही सांगितले पाहिजे. म्हणजे लष्करालाही सुमारे चार आठवडे अधिक लागले. कोणतेही काम आखल्याप्रमाणे तंतोतंत होत नाही. आखणी केलेली असली की काम किती मागे पडले आणि कोठे मागे पडले, एवढे मात्र त्याच दिवशी कळते.

लष्कराला काही अनुकूलताही होत्या. आज्ञा देणारा एक होता, नेहमीच्या वाटेने जाणारा कागदांचा प्रवास टळला होता आणि साऱ्या देशाचे लक्ष तेथे होते. प्रत्येक नागरी कामाला हे भाग्य लाभणार नाही, आणि नागरी कामे लष्कराकडे सोपवत राहणे हा काही राज्यकारभाराचा मार्ग नव्हे. तथापि त्या कामातील एक गोष्ट कोणत्याही कार्यालयाला घेण्यासारखी आहे. हे पूल बेली पद्धतीचे होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डोनाल्ड बेली या इंग्रज अभियंत्याने ही रचना केली. तिची लोखंडी चौकट दहा फूट लांब आणि सुमारे अडीचशे किलोंहून थोडी अधिक वजनाची असते. सहा जवान ती उचलून नेऊ शकतात. चौकटीला चौकट जोडत पूल पुढे सरकतो. कोणी काय उचलायचे, कोठे उभे राहायचे, आपल्यानंतर कोण येणार, हे प्रत्येक जवानाला सरावाने पाठ झालेले असते. अधिकाऱ्याजवळ नकाशा असतो. पण कामाचा क्रम जवानाच्याही डोक्यात असतो. सर्व कर्मचाऱ्यांना प्रकल्प व्यवस्थापनाचे शिक्षण का द्यावे, याचे उत्तर या सहा जवानांपाशी आहे.

प्रकल्प म्हणजे काय?

'प्रकल्प' म्हटले की धरण, मेट्रो किंवा कारखाना डोळ्यांपुढे येतो. वस्तुतः ज्या कामाला आरंभ आहे, अंत आहे, ठराविक साधने आहेत आणि शेवटी काहीतरी नवे उभे राहणार आहे, ते प्रत्येक काम प्रकल्पच होय. रोजची हजेरी घेणे हे नित्यकर्म आहे; हजेरीची वही बंद करून यंत्र बसवणे हा प्रकल्प आहे. रोज रुग्ण तपासणे हे नित्यकर्म. रुग्णालयातील एक वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर हलवणे हा प्रकल्प. घरातील लग्न, इमारतीची दुरुस्ती, शाळेचे स्नेहसंमेलन हे सारे प्रकल्पच आहेत.

या विषयाचे शास्त्र विसाव्या शतकात आकाराला आले. कामे आणि त्यांचे दिवस आडव्या पट्ट्यांनी दाखवणारा हेन्री गँट यांचा तक्ता शंभर वर्षांपूर्वी रूढ झाला. १९५७-५८ च्या सुमारास अमेरिकेतील ड्यूपाँट या रसायन उद्योगात 'क्रिटिकल पाथ' ही पद्धत निघाली, तर अमेरिकी नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी 'पर्ट' ही पद्धत वापरली. क्रिटिकल पाथची कल्पना सोपी आहे. एकमेकांवर अवलंबून असलेल्या कामांच्या अनेक साखळ्या असतात. त्यांतील सर्वांत लांब साखळी संपूर्ण कामाला किती दिवस लागणार ते ठरवते. त्या साखळीतील काम एक दिवस रेंगाळले की सारे काम एक दिवस लांबते. इतर साखळ्यांत मात्र थोडी सवड असते.

येथेच एक विचार करण्यासारखी गोष्ट आहे. हे ज्ञान आपल्याकडे आले आणि अभियंता, व्यवस्थापक व सल्लागार यांच्यापाशी थांबले. ज्या लिपिकाच्या, भांडारपालाच्या किंवा मुकादमाच्या हातून त्या साखळीतील कडी सरकायची असते, त्याला आपण त्या कडीवर बसलो आहोत याचा पत्ताच नसतो. ज्याच्या हातात कळ आहे, त्यालाच कळीची जागा सांगायची नाही, असा हा प्रकार आहे.

गिरणगावाला हे नवे नाही

लालबाग-परळच्या जुन्या कामगाराला ही गोष्ट समजावून सांगावी लागली नसती. पिंजणीत कापूस नीट साफ झाला नाही तर कताईत धागा तुटतो आणि धागा कमजोर निघाला तर विणाईत माग वारंवार बंद पडतो. चूक एका खात्यात व्हायची आणि तिचे फळ तिसऱ्या खात्यातील विणकर भोगायचा. आपल्या आधी काय घडले आणि आपल्या नंतर काय घडणार, हे तो अनुभवाने जाणत असे. ते त्याच्याकडून समजून घेण्याची व्यवस्था मात्र क्वचितच होती.

आणि गणेशोत्सव? १८९३ साली गिरगावात केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणपती बसला. १९३४ साली लालबागच्या राजाचे मंडळ स्थापन झाले. या मंडळांच्या कार्यकर्त्यांपैकी कितीजणांनी व्यवस्थापनाची पुस्तके वाचली असतील? तरीही ज्या प्रकल्पाची तारीख एक दिवसही पुढे ढकलता येत नाही, असा प्रकल्प ते दरवर्षी उभा करतात. चतुर्थीची तारीख पंचांगाने ठरलेली. तेथून मागे मोजत यायचे. मूर्ती मंडपात केव्हा आणायची, त्यासाठी मंडप केव्हा उभा हवा, त्याआधी पोलीस, महापालिका आणि अग्निशमन दल यांच्या परवानग्या केव्हा हव्यात, वर्गणी केव्हा सुरू करायची, हे सारे चाळीच्या गच्चीवरील एका बैठकीत ठरते. त्या बैठकीत हिशेब ठेवणारा असतो, विजेचे काम पाहणारा असतो आणि पाणी वाटणारा शाळकरी मुलगाही कोपऱ्यात बसून सारे ऐकत असतो. म्हणूनच ऐन वेळी एखादा आजारी पडला तर दुसरा त्याच्या जागी उभा राहतो.

आखणीत एखादी कडी सैल राहिली तर काय होते, हेही या परंपरेने अलीकडेच पाहिले. ७ सप्टेंबर २०२५ रोजी लालबागचा राजा सकाळी गिरगाव चौपाटीवर पोहोचला. त्या वर्षी विसर्जनासाठी नवा यांत्रिक तराफा आणला होता. परंतु भरतीचे पाणी आणि तराफा यांचा मेळ बसला नाही, मूर्ती बराच वेळ पाण्यात राहिली आणि विसर्जन व्हायला रात्रीचे नऊ वाजत आले. भाविकांच्या मनाला चटका लागला. दोष देत बसण्यापेक्षा यातून घ्यायचा धडा साधा आहे. साधन नवे असेल तर त्याची आधी रंगीत तालीम हवी, आणि ज्याला समुद्राचे पाणी रोज दिसते त्या कोळीबांधवाचा शब्द आखणीच्या बैठकीत पहिल्या दिवसापासून हवा. कार्यालयातील कामांनाही हा नियम तंतोतंत लागू पडतो.

डबेवाल्यांपासून काय शिकावे?

मुंबईचे डबेवाले हे याच भूमीतील दुसरे उदाहरण. १८९० साली महादू हवाजी बच्चे यांनी ही सेवा सुरू केल्याचे सांगितले जाते. मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतून आलेल्या माणसांनी ती वाढवली. कोरोनापूर्वी सुमारे पाच हजार डबेवाले आणि दीड-दोन लाख डबे असा आकडा सांगितला जात असे. त्या आपत्तीनंतर हा व्यवसाय बराच आकसला. २००३ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनचे तत्कालीन युवराज चार्ल्स त्यांना चर्चगेटला भेटून गेले आणि २०१० साली हार्वर्डच्या व्यवस्थापन विद्यालयाने त्यांच्यावर अभ्यासपाठ तयार केला.

त्यांचे काम प्रकल्प नव्हे, नित्यकर्म आहे. पण त्यांच्यातील एक रीत येथे मोलाची आहे. गटातील प्रत्येक जण डबा गोळा करणे, स्थानकावर निवडणे, गाडीत चढवणे, पोहोचवणे आणि ग्राहकाशी बोलणे ही सारी कामे शिकतो. प्रत्येक गटात दोन-तीन माणसे जास्तीची ठेवलेली असतात. कोणी आला नाही, सायकल मोडली, गाडी चुकली तर त्याची जागा लगेच भरली जाते. डब्यावरील खुणा केवळ मुकादमाला कळतात असे नाही. त्या सर्वांना वाचता येतात. ज्या दिवशी त्या खुणा एकट्या मुकादमालाच कळू लागतील, त्या दिवशी डबे फलाटावरच पडून राहतील.

आता आपल्या कार्यालयांकडे पाहावे. कामाच्या खुणा किती जणांना वाचता येतात? मंडळाच्या बैठकीत साऱ्या उत्सवाचा विचार करणारा तरुण सोमवारी कामावर जातो, तेव्हा त्याला एक कागद दिला जातो आणि 'एवढेच बघ' म्हणून सांगितले जाते. तोच माणूस, तीच बुद्धी; एका ठिकाणी तो कार्यकर्ता असतो, दुसऱ्या ठिकाणी केवळ हुकमाचा ताबेदार. हा फरक त्या माणसात नाही, त्याला किती दाखवले जाते यात आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अंधेरीचा गोखले पूल अंशतः खुला झाला, तेव्हा शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल आणि नवा पूल यांच्या उंचीत दीड-दोन मीटरचा फरक असल्याचे साऱ्या मुंबईने पाहिले. पुढे जुन्या पुलाचा भाग उचलून जुलैमध्ये जोडणी झाली. दोन पुलांचे काम करणारे आपापल्या जागी कुशलच होते. पण जेथे एकाचे काम संपते आणि दुसऱ्याचे सुरू होते, त्या सांध्याची चौकशी करणे हेही कोणाचे तरी काम असते. सांधा सर्वांचा म्हणून कोणाचाच नाही, असे होता कामा नये.

शिकवायचे काय आणि कसे?

सर्वांना शिकवायचे म्हणजे प्रत्येकाला जाडजूड ग्रंथ आणि महागडी प्रमाणपत्रे द्यायची, असा अर्थ नाही. पाच गोष्टी पुरेशा आहेत. पहिली, काम एका पानावर लिहिणे: काय उभे करायचे, कोणासाठी, केव्हापर्यंत, आणि काय यात येत नाही. दुसरी, मोठे काम लहान तुकड्यांत मांडणे आणि प्रत्येक तुकड्यापुढे एकाच व्यक्तीचे नाव लिहिणे. तिसरी, कोणते काम कोणावर अवलंबून आहे ते पाहून सर्वांत लांब साखळी ओळखणे. चौथी, काय बिघडू शकते याची यादी काम सुरू होण्याआधी करणे. पाचवी, ठरल्या दिवशी आढावा घेणे आणि काम संपल्यावर काय शिकलो ते लिहून ठेवणे.

हे शिक्षण मराठीतून, दोन दिवसांत, आणि कर्मचाऱ्यांच्या स्वतःच्या चालू कामावर व्हावे. परदेशातील उदाहरणे फळ्यावर काढण्यापेक्षा, पुढच्या महिन्यात हलवायचे भांडार हाच पाठ असावा. शिपाई, चालक, परिचारिका, लेखापाल आणि अधिकारी यांनी एकाच खोलीत बसावे. वेगवेगळे वर्ग भरवले तर सांधे पुन्हा सुटेच राहतील. सहा महिन्यांनी त्याच गटाने पुन्हा एकत्र येऊन आपल्या आखणीचे काय झाले ते तपासावे.

साधनांची वाण नाही. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये 'मिशन कर्मयोगी' सुरू केले. त्यात सरकारी कर्मचाऱ्यांना संगणकावर वा भ्रमणध्वनीवर अभ्यासक्रम घेता येतात. महाराष्ट्राने तर २००५ सालीच कायदा केला की सर्वसाधारणपणे कोणतीही फाइल कर्मचाऱ्याकडे सात कामकाजी दिवसांपेक्षा अधिक पडून राहू नये. दफ्तर दिरंगाईचा कायदा म्हणून तो ओळखला जातो. कायदा दिवस मोजतो, हे योग्यच आहे. पण त्या सात दिवसांत कोणती फाइल आधी हातात घ्यावी, हे कायदा सांगू शकत नाही. ते ज्ञान शिक्षणानेच येते.

काही आक्षेप

पहिला आक्षेप असा की, सर्वांनी नियोजन करायचे तर अधिकाऱ्याने काय करायचे? निर्णयाची जबाबदारी अधिकाऱ्याचीच राहते. फरक इतकाच पडतो की त्याला अडचण वेळेवर कळते. सिमेंट आठवडाभर येणार नाही, हे भांडारपालाला सोमवारीच ठाऊक असते. अधिकाऱ्याला ते शनिवारी कळते. ही पाच दिवसांची दरी भरून काढणे हे या शिक्षणाचे मुख्य फळ होय.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कर्मचाऱ्याला शिकवायचे, तक्त्यावर त्याचे नाव लिहायचे आणि काही बिघडले की त्याच्याच माथी खापर फोडायचे, अशी भीती कामगारांच्या मनात असते आणि ती अगदीच निराधार नाही. म्हणून वाईट बातमी प्रथम सांगणाऱ्याला शिक्षा होणार नाही, हे वचन वरिष्ठांनी आधी द्यावे आणि पाळावे. ज्या कार्यालयात 'साहेब, हे काम वेळेत होणार नाही' असे म्हणण्याची मुभा नाही, तेथे कोणतेही प्रशिक्षण भिंतीवर टांगलेल्या प्रमाणपत्रापलीकडे जात नाही.

तिसरा आक्षेप वेळेचा. दोन दिवस काम बंद ठेवणे परवडत नाही, असे म्हटले जाते. रेंगाळलेल्या एका कामाचा हिशेब मांडला तर या आक्षेपाचे उत्तर आपोआप मिळते. परळच्या त्या पुलाच्या बाबतीत तर तो हिशेब रुपयांत मांडताच येत नाही.

एल्फिन्स्टन रोड स्थानकाला २०१८ साली प्रभादेवी हे नाव मिळाले. त्या स्थानकालगतचा शतकाहून जुना रस्तापूल १२ सप्टेंबर २०२५ पासून वाहतुकीसाठी बंद करण्यात आला आणि तेथे दुमजली पूल उभारण्याचे काम हाती घेण्यात आले. केईएम, टाटा, वाडिया अशी मोठी रुग्णालये ज्या परळमध्ये आहेत, तेथे रुग्णवाहिकेला पडणारा प्रत्येक वळसा कोणाच्या तरी श्वासांशी बांधलेला असतो. या कामात एका खात्याचा अभियंता असेल, दुसऱ्या खात्याचा लेखनिक असेल, गर्डर आणणारा चालक असेल, रात्रीच्या ब्लॉकमध्ये कंदील धरणारा रेल्वे कामगार असेल. त्यांतील प्रत्येकाला आपल्या हातातील कडी कोणत्या साखळीची आहे हे ठाऊक असावे. मेजावरचा कागद पुढे सरकवताना त्या माणसाला पुलापलीकडे थांबलेली रुग्णवाहिका दिसावी. एवढे जरी प्रत्येक कार्यालयाने आपल्या माणसांना शिकवले, तरी नवमीच्या त्या सकाळी गेलेल्या २३ जणांचे आपल्यावर असलेले ऋण थोडेफार फिटेल.